जुन्या तबकड्यांतील खरखर

जुन्या मूर्तीवरची धूळ पुसणें निराळें आणि पुसतां पुसतां तिचे नाकडोळे झिजवून टाकणें निराळें. दगडाच्या बाबतींत हा भेद डोळ्यांना चटकन् कळतो. ध्वनीच्या बाबतींत तो कानांना कळावयास वेळ लागतो. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या आणि टेपच्या जुन्या कॅसेटी यांवरील गाणें संगणकांत उतरवून घेऊन त्यांतील खरखर व सरसर काढून टाकण्याची विद्या आतां घरोघर पोंचली आहे. पूर्वीं ज्या कामाला मोठ्या यंत्रशाळा लागत, तें काम साध्या संगणकावर आणि विनामूल्य मिळणाऱ्या साधनांनीं होऊं लागलें आहे. परंतु साधन सुलभ झालें म्हणून विवेकाची गरज कमी होत नाहीं; उलट ती वाढते. तेव्हां खरखर कशानें होते, ती कशी काढावी आणि मुख्य म्हणजे कोठें थांबावें, याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

नगर जिल्ह्याचें, म्हणजे 2024 सालापासून ज्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्याचें, या विषयाशीं नातें जवळचें आहे. नगर शहरांत 1918 सालीं जन्मलेले शाहू मोडक 1932 च्या 'श्यामसुंदर' या बोलपटांत बालकृष्ण म्हणून गाजले, आणि 1940 सालीं प्रभात कंपनीच्या 'संत ज्ञानेश्वर' या चित्रपटांत त्यांनीं ज्ञानेश्वरांची भूमिका केली. ज्या ज्ञानेश्वरांनीं याच जिल्ह्यांत नेवासें येथें शके 1212 मध्यें गीतेवरील आपली टीका सांगितली, त्यांना पडद्यावर वाणी मिळाली ती नगरच्याच एका पुत्राची. संगमनेरच्या बाजूस हिवरगांव पावसा येथील पवळाबाई हिवरगांवकर यांनीं पठ्ठे बापूरावांच्या फडांत नांव मिळविलें. पुढें सुमारें 1980 नंतर कॅसेटींचा सुळसुळाट झाला तेव्हां कीर्तनें, भारुडें, लावण्या आणि घरच्या मंगलकार्यांतील गाणीं खेडोपाडीं टेपवर उतरलीं. ज्या घरांतून अशा तबकड्या आणि कॅसेटी अद्याप उरल्या आहेत, तेथें त्यांचा शत्रु एकच नाहीं. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, कळसूबाईच्या पायथ्याशीं, पावसाळ्याची दमट हवा आपल्याबरोबर बुरशी आणते. पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणाच्या मुलखांत उन्हाळ्याचा धुरळा प्रत्येक फटींतून आंत शिरतो. गाणें एकच असलें तरी अकोल्याच्या तबकडीचें दुखणें जामखेडच्या तबकडीच्या दुखण्यापेक्षां निराळें असूं शकतें.

दुखण्याचें मूळ समजण्यासाठीं तबकडीचा देह कशाचा बनतो तें पाहिलें पाहिजे. मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असे. ही लाख म्हणजे झाडांवरील बारीक किड्यांनीं निर्माण केलेला राळेसारखा पदार्थ, आणि जगाला त्याचा मोठा पुरवठा हिंदुस्थानांतूनच होई. परंतु नुसती लाख ठिसूळ. म्हणून तींत दगडाची बारीक भुकटी, कापसाचे तंतू आणि काळेपणासाठीं काजळी मिसळीत. ही भुकटी मुद्दाम खरबरीत ठेवलेली असे. ग्रामोफोनची पोलादी सुई नवी असतांना तिचें टोंक खांचेच्या आकाराशीं जुळत नसे. पहिल्या कांहीं फेऱ्यांत भुकटीनें तें घासून खांचेसारखें करून घ्यावें, अशी ती योजना होती. म्हणूनच दर बाजूस सुई बदलण्याची शिस्त होती. सुईवरील भार शंभर ग्रॅमांहूनहि अधिक असे. जी शिस्त चुकली तिचा हिशेब खांचेंत लिहिला गेला.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. तबकडींतून येणारी सतत सरसर ही सगळी म्हातारपणाची नव्हे. कारखान्यांतून ती बाहेर पडली त्या दिवशींहि ती सरसर तिच्यांत होतीच, कारण ती भुकटीच्या कणांवरून घसरणाऱ्या सुईची आहे. तडतड मात्र पुढच्या आयुष्यांत मिळालेली: धुळीचा कण, बुरशीचा डाग, पडलेला ओरखडा, तडा. सरसर अखंड असते, तडतड क्षणिक असते. एक पावसाच्या झिमझिमीसारखी तर दुसरी लाह्या फुटल्यासारखी. कॅसेटींत तडतड बहुधा नसते. तेथें सरसर असते ती फितीवरील लोहाच्या सूक्ष्म कणांची, आणि फीत सेकंदाला पावणेपांच सेंटिमीटर इतक्या संथ गतीनें सरकत असल्यामुळें ती अधिक जाणवते. शिवाय विजेच्या प्रवाहाची पन्नास कंपनांची गुणगुण ही तिसरी व्याधि. ज्याची त्याची चिकित्सा निराळी आहे.

चिकित्सेचा आरंभ संगणकापाशीं होत नाहीं. तो स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश यांपाशीं होतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कोणतेंहि मद्यार्क कदापि लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते आणि गाण्याच्या खांचाच पुसून जातात. प्लास्टिकच्या नव्या लाँग प्ले तबकडीला जें चालतें, तें हिला विष आहे. ऊर्ध्वपातित पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब, खांचेच्या दिशेनें फिरणारा मऊ ब्रश, मधला कागदी शिक्का कोरडा ठेवण्याची दक्षता, आणि लगेच टिपून वाळविणें, एवढेंच पुरे. पाणी तबकडीवर फार वेळ राहूं देऊं नये. कितीतरी तबकड्यांची निम्मी तडतड एवढ्यानेंच जाते, आणि जी घाण पाण्यानें निघते ती गणितानें काढण्यांत शहाणपण नाहीं.

दुसरी गोष्ट सुईची. लाँग प्ले तबकडीची सुई सुमारें 25 मायक्रॉन रुंद, तर लाखेच्या तबकडीची खांच सुमारें 75 मायक्रॉनच्या सुईसाठीं कोरलेली. बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं जाऊन घासते, आणि तळाशींच सगळा केर सांचलेला असतो. गाणें मात्र खांचेच्या भिंतींवर असतें. योग्य सुई लावतांच कित्येकदां असा भास होतो कीं, गाणारा माणूस दार उघडून पुढें आला. तिसरी गोष्ट, या तबकडींत सुई डावीउजवीकडे हालते आणि त्या हालण्यांतच गाणें असतें. वरखालीं हालते ती केवळ खडबडीतपणामुळें. आजच्या दुहेरी वाहिनीच्या यंत्रावर तबकडी वाजवून दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या कीं डावेंउजवें हालणें बेरजेंत वाढतें आणि वरखालींचें हालणें एकमेकांस खाऊन टाकतें. गाण्याचा एक सूरहि न गमावतां गोंगाट कमी होतो.

चौथी गोष्ट वेगाची. 78 हा आंकडा पुढें रूढ झाला. आरंभींच्या काळांतील तबकड्या कमीअधिक वेगानें कोरल्या जात. 74 फेऱ्यांनीं कोरलेली तबकडी 78 फेऱ्यांनीं वाजविली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानें चढतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनच्या आसपास ऐकूं येतो, त्याची लय उतावीळ होते, आणि आवाजाची जात बदलते. ऐकणारा त्याला गवयाची लकब समजून बसतो. खरखर तर कानाला लगेच टोंचते. हा दोष टोंचत नाहीं, म्हणून अधिक फसवा आहे. कॅसेटीच्या बाबतींत याच जागीं वाचनशिराच्या कोनाचा प्रश्न येतो. तो कोन किंचित् चुकला तर वरचे सूर मंदावतात. बारीक स्क्रू फिरवून तो आधीं जुळवून घ्यावा, आणि मगच फीत संगणकाला द्यावी.

एवढें झाल्यावर संगणकाची पाळी. तेथें गाण्याचे सेकंदाला हजारों नमुने घेऊन आंकड्यांत लिहिले जातात. घरगुती कामाला 44,100 नमुन्यांचें माप पुरतें. संग्रहासाठीं जाणकार 96,000 नमुने आणि 24 बिटांची बारकाई पसंत करतात. तीन मिनिटांचें एक गाणें त्या मापानें एका वाहिनींत सुमारें 52 मेगाबाइट जागा घेतें. आजच्या काळीं ही जागा कांहींच नव्हे. तेव्हां मूळ उतारा घेतांना कंजूषी करूं नये, आणि तो दाबून लहान केलेल्या स्वरूपांत तर मुळींच घेऊं नये.

प्रथम तडतड काढावी, मग सरसर. हा क्रम उलटा करूं नये. तडतडीचे ठोके गोंगाटाच्या मोजणींत शिरले तर मोजणीच बिघडते. तडतड ओळखण्याची रीत अशी: आवाजाची रेघ सुरळीत चाललेली असतां मध्येंच एखादा कांटा उभा राहतो. साधन तो कांटा कापतें आणि आजूबाजूच्या रेघेची चाल पाहून मधला तुकडा भरून काढतें. विणकर जसा फाटलेल्या जागीं आडवेउभे धागे पाहून रफू करतो, तशीच ही रीत. 'ऑडॅसिटी' या 2000 सालापासून विनामूल्य मिळणाऱ्या साधनांत एकेक कांटा हातानें दुरुस्त करण्याची जी सोय आहे, ती एका वेळीं फार तर 128 नमुन्यांपुरती, म्हणजे 44,100 च्या मापांत सेकंदाच्या सुमारें तीन सहस्रांशांपुरती चालते. ही मर्यादा अर्थपूर्ण आहे. तेवढ्या क्षणांत मधलें काय असावें याचा तर्क बहुधा बरोबर येतो. त्याहून मोठी भगदाडें भरूं लागलें कीं तर्काची कल्पना होते.

सरसर काढण्याची रीत निराळी. गाणें सुरू होण्यापूर्वीं सुई रिकाम्या खांचेंतून फिरत असते, तो एकदोन सेकंदांचा निव्वळ गोंगाट साधनाला नमुना म्हणून दाखवायचा. साधन आवाजाचे खालपासून वरपर्यंत शेंकडों पट्टे पाडतें, प्रत्येक पट्ट्यांत गोंगाट किती तें लिहून ठेवतें, आणि मग सबंध गाण्यांत ज्या क्षणीं ज्या पट्ट्यांतील आवाज त्या पातळीच्या खालीं असेल, त्या क्षणीं तो पट्टा दाबून धरतें. युक्ति चतुर आहे. परंतु ती गाणें जाणत नाहीं, आंकडे जाणते. म्हणूनच सगळे अनर्थ येथें होतात.

पहिला अनर्थ तंबोऱ्याचा. तंबोरा अखंड आणि एकसारखा वाजतो, आणि साधनाच्या लेखीं अखंड व एकसारखें तें सर्व केर. नमुना घेतांना तंबोऱ्याची किंवा हार्मोनियमची आंस त्यांत आली तर साधन तीच आंस सबंध गाण्यांतून उपसून काढतें, आणि गवई बिनआधाराचा गात राहतो. दुसरा अनर्थ व्यंजनांचा. स, श, छ यांची सळसळ सरसरीच्याच पट्ट्यांत राहते. ती दबली कीं शब्द बोबडे होतात. तिसरा अनर्थ तालाचा. तबल्याच्या किनारीवरचा आघात, ढोलकीची कडक थाप, टाळांची झणक, तुणतुण्याच्या तारेचा टणत्कार, हीं सर्व रेघेंत कांट्यासारखींच दिसतात. तडतड फार कडकपणें काढली तर वाद्यांचीं बोटें छाटलीं जातात. आणि चौथा अनर्थ असा कीं, दाबलेल्या पट्ट्यांतून मधूनमधून सुटलेले कण पाण्याच्या बुडबुड्यांसारखे टिंगटिंग वाजूं लागतात. मूळची सरसर कान पांच मिनिटांत विसरतो. हे बुडबुडे त्याला विसरूं देत नाहींत.

याहून सूक्ष्म प्रश्न जात्याचा आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रितहि केल्या. अशी एखादी ओवी यंत्राच्या स्वाधीन केली तर जात्याची घरघर हा गोंगाट आणि बाईचा आवाज हें गाणें, असाच निवाडा यंत्र देईल. पण ती ओवी त्या घरघरीवरच उभी आहे. दगडाच्या फेऱ्यानें तिची लय ठरते, आणि दळणाऱ्या बाईच्या धापेनें तिचे विसावे ठरतात. ती घरघर काढली तर उरेल तें गाणें सुबक होईल, परंतु तें कोणीं, कोठें आणि काय करीत असतांना म्हटलें हें त्यांतून नाहींसें होईल. केर कोणता आणि धान्य कोणतें हें आधीं माणसानें ठरवावयाचें असतें.

यासाठीं एक सोपी कसोटी आहे. पाखडणारी बाई सुपांतल्या धान्याकडे पाहते तशी खालीं पडलेल्या कोंड्याकडेहि पाहते. कोंड्यांत दाणे दिसले तर हात आवरता घेते. वर सांगितलेल्या साधनांत काढून टाकलेला भाग तेवढा वेगळा ऐकण्याची सोय आहे. तो ऐकावा. त्यांत नुसती सरसर असेल तर काम ठीक चाललें आहे. त्यांत गवयाच्या तानेची छाया किंवा तबल्याचा बोल ऐकूं आला तर दाणे चालले आहेत असें समजून मागें फिरावें. एकदम पुष्कळ काढण्याऐवजीं सहा ते दहा डेसिबलांवर थांबावें. थोडी सरसर राहूं द्यावी. ती राहिली म्हणून कोणतेंहि गाणें बुडालें नाहीं.

1925 पूर्वींच्या कर्ण्यांत गाऊन केलेल्या तबकड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांत सेकंदाला सुमारें तीन हजार कंपनांच्या वरचें फारसें कांहीं उतरतच नसे. म्हणून वरचा भाग बराचसा कापला तरी गाण्याचें नुकसान थोडें. तोच नियम विजेच्या मायक्रोफोननें केलेल्या नंतरच्या तबकड्यांना लावला तर मात्र त्यांची सगळी चमक जाते. शिवाय कर्ण्याचा स्वतःचाहि एक नाद आवाजांत मिसळलेला असतो. इटलीचा विख्यात गायक कारूसो याच्या तबकड्यांतून हा नाद गणितानें वेगळा काढण्याचें काम अमेरिकेंत युटा विद्यापीठाचे टॉमस स्टॉकहॅम यांनीं केलें, आणि 1976 सालीं तीं गाणीं पुन्हां प्रसिद्ध झालीं. संगणकाच्या साह्यानें जुना आवाज उजळण्याचा हा आरंभींचा मोठा प्रयोग होय. योगायोग असा कीं, 1902 च्या एप्रिलमध्यें मिलान येथें कारूसोचा आवाज मुद्रित करणारे फ्रेड गैसबर्ग हेच त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित करीत होते. दोघांचेहि आवाज एकाच तऱ्हेच्या कर्ण्यांतून गेले. दोघांवरहि तीच सरसर बसली.

या सर्व कामाला नियम कोणता असावा, हें शोधण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. नेवाशास सांगितलेली ज्ञानेश्वरी तीनशें वर्षांच्या नकलांत पाठभेदांनीं आणि प्रक्षेपांनीं भरून गेली होती. पैठणास एकनाथ महाराजांनीं अनेक पोथ्या पुढें ठेवून, एकमेकींशीं ताडून पाहून, शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि पुढें कोणीं आपल्या पदरची ओवी तींत घालूं नये असें निक्षून सांगून ठेवलें. ते स्वतः थोर कवि होते. कोठें ओळ अडखळली तर तेथें त्याहून सुंदर ओळ घालणें त्यांना अवघड नव्हतें. त्यांनीं तें केलें नाहीं. केर काढणें हा त्यांचा अधिकार होता, भर घालणें हा नव्हता. तबकडी शुद्ध करणाऱ्यालाहि हाच दंडक लागू आहे. आतां अशीं साधनें निघालीं आहेत कीं तीं हरवलेले वरचे सूर कल्पनेनें निर्माण करून जोडतात. ऐकावयास तें गोड लागेल, पण तो आवाज त्या गवयाचा नव्हे.

नाथांची दुसरी शिकवण अनेक पोथ्या ताडण्याची. एकाच सांच्यांतून एका गाण्याच्या शेंकडों तबकड्या निघत, आणि शिक्क्याजवळ कोरलेल्या आंकड्यावरून त्यांचें कूळ ओळखतां येतें. एका तबकडीवर ओरखडा जेथें पडला असेल तेथेंच तो दुसरीवर असण्याचें कारण नाहीं. श्रीगोंद्याच्या एका घरांतील तबकडीचा फुटका भाग पुण्याच्या तबकडीवर धड असूं शकेल. मुंबईंत 1990 सालीं स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेनें संग्राहकांना एकत्र आणून जुन्या तबकड्यांची माहिती प्रसिद्ध केली, तिचें महत्त्व यासाठींच आहे. घरांत दोनच तबकड्या असल्या तरी त्यांवरील आंकडे आणि नांवें वहींत टिपून ठेवणें, त्या एकीवर एक न रचतां उभ्या ठेवणें, हें कोणासहि करतां येण्याजोगें आहे.

हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारील. भास्करबुवा बखले 1922 सालीं वारले. 'स्वयंवर' नाटकाला त्यांनीं दिलेलें संगीत 1916 पासून महाराष्ट्राच्या ओठांवर आहे. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या तबकड्या ऐकावयास मिळतात. परंतु खुद्द बुवांच्या आवाजाची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. जगांतील कोणतेंहि साधन आतां तो आवाज आणूं शकणार नाहीं, कारण खरखर काढावयास आधीं खरखरीखालीं कांहीं असावें लागतें. ज्यांचा आवाज सरसरीसकट कां होईना, पण उरला आहे, त्यांच्या बाबतींत हा विचार मनांत ठेवून हात चालवावा.

म्हणून शेवटची सूचना व्यवहाराची. संगणकांत घेतलेला पहिला उतारा, जसा आला तसा, खरखरीसह, वेगळा जपून ठेवावा आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं असाव्यात. शुद्ध केलेली प्रत ऐकण्यासाठीं निराळी करावी, आणि तिच्यावर काय काय केलें तें चार ओळींत लिहून ठेवावें. तबकडी किंवा कॅसेट, काम झालें म्हणून, भंगारवाल्याला देऊं नये. आजच्यापेक्षां चांगलीं साधनें उद्यां येतील आणि आजच्यापेक्षां तयार कानहि येतील. मूळ जागेवर असलें तर त्यांना पुन्हां आरंभापासून काम करतां येईल.